सुई आणायला गेलेली मुलगी

४ फेब्रुवारी

टिंबूस,

तुझ्या आईची खोली काल आवरून झाली. मदतीला कुणी आलं नाही. कुणी यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. आम्ही दोघी बहिणी इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तिच्या खोलीत मी पाय ठेवत नसे, कारण ठेवायला जागाच नसायची. टेबलावर कानतुटके कप, त्यांत शाईचं पाणी, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत टाकाच्या निबा, आणि पलंगासमोरच्या बोर्डवर फोटो, कात्रणं, पानं, पिसं, एकावर एक टोचलेली. आता ती खोली माणसाच्या खोलीसारखी दिसते. बोर्डवरचं सगळं काढून मी विषयवार पाकिटांत घातलं आणि पाकिटांवर नावं लिहिली: हात. झाडं. खुर्च्या. कोंबड्या. म्हाताऱ्या. जन्मभर ग्रंथालयात सूची करत बसलेल्या बाईला एवढं तरी येतंच.

आता कामाचं. संपादकबाईंचा फोन आला होता. तुझी आई ज्या पुस्तकाची चित्रं काढत होती, त्यातलं शेवटचं चित्र राहिलं आहे. गोष्ट तुला माहीत नसेल. आई मुलीला शेजारून सुई आणायला पाठवते. मुलगी जाते ती सगळं जग हिंडून येते. ती परत येते तेव्हा आईचे केस पांढरे झालेले असतात आणि दोरा अजून हातात असतो. शेवटचं वाक्य, 'आणि मुलगी घरी आली.' त्या वाक्याचं चित्र तुझ्या आईने काढलंच नाही. तिच्या भाषेतल्या 'काडेपेट्या' तेवढ्या काढल्या. एका कागदावर पाच इवल्याशा चौकटी. सगळ्यांत पुढे बाईचा हात, हातात दोरा, मागे दार. पहिल्या चौकटीत मुलगी आत आलेली आहे, नाकाडोळ्यांसकट. दुसरीत उंबऱ्यावर. तिसरीत बाहेर रस्त्यावर. चौथीत नुसता ठिपका. पाचवीत मुलगी नाहीच, दार तेवढं उघडं. मी तिला म्हटलं होतं, शाई वाचवतेस की काय.

ते चित्र तू पूर्ण करावंस असं संपादकबाईंचं म्हणणं आहे. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की ज्या मुलीने आईच्या रेघेला इस्त्री केली, तिच्या हातात हा कागद द्यायला मी काही उत्सुक नाही. त्या म्हणाल्या, दुसरं कोण आहे? म्हणून हे पत्र.

तू आलीस तेव्हा तिला नेलं होतं. तू चहासुद्धा न घेता गेलीस. ते मी विसरलेले नाही, हेही कळवून ठेवते.

मावशी


१३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, वर्गात बाईंसमोर उभं राहावं तशी. तुझ्या निळ्या शाईचं ते सरळ अक्षर पाहिलं की अजूनही नखं स्वच्छ आहेत का ते बघावंसं वाटतं.

इस्त्रीबद्दल. तू तिची बाजू ऐकली आहेस. माझी दोन वाक्यांत सांगते. मागच्या पुस्तकाच्या वेळी तिचा हात थरथरायला लागला होता, आणि संपादकबाईंनी तिची चित्रं मला पाठवून विचारलं की रेघ जरा सावरता येईल का, नाहीतर काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. मी कॉम्प्युटरवर सगळी थरथर काढून टाकली. मला वाटलं, तिला कळणार नाही आणि काम तिच्याकडेच राहील. तिला पहिल्याच पानावर कळलं. फोनवर म्हणाली, "ही रेघ माझी नाही. माझ्या रेघेची तुला लाज वाटत असेल तर घरी येऊ नकोस." मग मी तिच्या फोनची वाट बघत राहिले. ती बहुतेक माझ्या. तू आजाराचं कळवलंस तेव्हा मी शनिवारच्या गाडीचं आरक्षण केलं. ती गुरुवारी गेली. चहा मी घेतला नाही, कारण तो तिच्या कपात दिला होतास.

आता माझं ऐक आणि रागावू नकोस. बोर्डवर तू जे पाहिलंस तो पसारा नव्हता. आईची पद्धत होती. समोर काहीतरी असल्याशिवाय ती रेघ ओढत नसे. कोंबडी काढायची तर कोंबडीचा फोटो हवा, खुर्ची काढायची तर खुर्चीवर बसलेला माणूस हवा. आधी काडेपेट्या, मग त्यांतली एक निवडायची, मग त्या चौकटीत जे जे आहे त्याचा फोटो किंवा कात्रण बोर्डवर लावायचं, चौकटीत जिथे असेल तिथेच. वरची वस्तू वर, मागची बाजूला. बोर्ड म्हणजे तिच्या चित्राचा पहिला खर्डा असायचा. शेवटच्या चित्रासाठी तिने तिथे काय काय लावलं होतं, ते कळलं असतं तर ती कोणती चौकट काढणार होती ते कळलं असतं.

पाकिटांतून ते कळणार नाही.

त्या पाच चौकटींच्या कागदाची झेरॉक्स पाठवशील? मूळ कागद तुझ्याकडेच ठेव. आणि आता कशालाही हात लावू नकोस. कोंबड्यांनासुद्धा.

तुझी टिंबू


२० फेब्रुवारी

टिंबूस,

बोर्डच्या बाबतीत माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. भिंतीवर टोचलेलं पीस हे चित्र आहे की झाडूतून राहिलेला कचरा आहे, हे ओळखण्याचं शिक्षण आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये दिलेलं नव्हतं. तिथे आम्हाला पट्टीशिवाय सरळ रेघ मारायला शिकवत. मदर शेजारी उभ्या राहायच्या आणि रेघ हलली की पान फाडायच्या. तुझी आई त्याच शाळेत होती. तिची किती पानं फाटली त्याची मोजदाद नाही. मला वाटतं, ती चित्रकार झाली ती मदरचा सूड घ्यायला.

तिच्या पद्धतीबद्दल मला सांगू नकोस. ती पद्धत माझ्या अंगावरून गेली आहे. तिच्या पुस्तकांत जेवढ्या चेटकिणी आहेत, राक्षसाच्या बायका आहेत, भांडखोर शेजारणी आहेत, त्या सगळ्या मी आहे. "ताई, जरा खिडकीत उभी राहून कुणावर तरी ओरड ना." मी ओरडायचे, ती फोटो काढायची. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका एकदा घाबरून वर आले होते. चांगल्या बाईसाठी मला कधीच उभं केलं नाही. विचारलं तर म्हणे, चांगल्या बायका चेहऱ्याने कंटाळवाण्या असतात.

सोबत झेरॉक्स आहे. दुकानातल्या माणसाने दोनदा काढली, तरी पाचवी चौकट फिकीच आली. मुळातच ती फिकी आहे. पहिल्या चौकटीतल्या मुलीचं नाक नीट बघ. ते माझं आहे. डिसेंबरमध्ये, ती अजून उशीला टेकून बसू शकत होती तेव्हा, म्हणाली, "ताई, एखादी बॅग घेऊन जरा बाहेर जा आणि दारातून आत ये." मी आत आले. "पुन्हा ये." पुन्हा आले. माझ्या गुडघ्यांची अवस्था तुला ठाऊक आहे. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून म्हणाली, "राहू दे. तू आलीस की तूच आल्यासारखी वाटतेस." मी म्हटलं, मग आणखी कोण आल्यासारखं वाटायला हवं? तिने भिंतीकडे तोंड केलं. मी बॅग माळ्यावर टाकली आणि तिचं औषध आणायला गेले.

हे मी तेव्हा तुला लिहायला हवं होतं की काय, ते मला माहीत नाही. मला ते त्या वेळी चित्राचंच काम वाटलं.

मावशी


२ मार्च

मावशी,

झेरॉक्स टेबलावर ठेवून बसले आहे. बऱ्याच वेळा वर-खाली करून पाहिली. उलटीकडून वाचली तर बरं वाटतं. ठिपका, मग रस्त्यावरची मुलगी, मग उंबरा, मग आत. पण ती उलटीकडून काढलेली नाही. पहिल्या चौकटीत शाई भरपूर आहे आणि रेघ जोरात आहे, पाचवीपर्यंत टाक नुसता टेकवलाय. जसजशी ती थकत गेली तसतशी मी लांब गेले.

ही गोष्टीतली मुलगी आहे, तू नाहीस, असं तू म्हणशील. मीही स्वतःला तेच सांगते. पण आईने समोर कुणी असल्याशिवाय रेघ ओढली नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. तुझं नाक तिला चाललं नाही. मग तिच्या समोर कोण होतं?

मला एवढंच कळायला हवं आहे, मावशी. ती माझी वाट बघत होती की तिने वाट बघणं सोडून दिलं होतं. पाचवी चौकट तिने निवडली असेल तर सोडून दिलं होतं. संपादकबाईंना दारात हसणारी मुलगी हवी आहे. ती मी एका दुपारी काढून देईन. पण ते चित्र आईचं नसेल, पुन्हा एकदा इस्त्री होईल.

त्या बोर्डवर मध्यभागी काय होतं, तुला खरंच आठवत नाही? एखादा कोपरा, रंग, काहीही.

टिंबू


११ मार्च

टिंबूस,

आठवत नाही. आठवत असतं तर पहिल्याच पत्रात लिहिलं नसतं का?

पण भोकं आहेत. बोर्ड मी पुसला, भोकं पुसता येत नाहीत. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यांतही भोकं आहेत. तेव्हा मी सगळी पाकिटं पलंगावर रिकामी केली आणि एकेक फोटो घेऊन भोकाला भोक जुळवत बसले. तुझ्या आईने पाहिलं असतं तर हसून हसून तिला ठसका लागला असता. कोंबड्या खाली डावीकडे गेल्या. खुर्ची उजवीकडे गेली. दाराची कडी, दाराची चौकट, उंबऱ्यावर पडलेलं ऊन, हे सगळं वर जाऊन बसलं. हातांचे फोटो खाली पुढे. हळूहळू मला तुझं म्हणणं दिसायला लागलं. ते चित्रच होतं. दार होतं, हात होता, खुर्ची होती. मधे मोकळी जागा राहिली, पलंगावर आडवं पडलं की डोळ्यांसमोर येते बरोबर तिथे. मी आडवी पडून पाहिलं. तिथली चार भोकं रुंद झालेली आहेत. तिथला कागद तिने पुष्कळदा काढला आणि पुष्कळदा लावला आहे.

एकही चेहरा तिथे बसेना. 'मुली' या पाकिटातला एकही नाही. शेवटी एकच पाकीट उरलं होतं, 'बॅगा'. त्यातला फोटो बसला.

तो सोबत पाठवते. आपल्या खिडकीतून काढलेला आहे. खाली रस्ता, रस्त्यावर पाठमोरी तू, उजव्या हातात ती करडी बॅग. नोकरीसाठी गेलीस त्या सकाळचा. तिने खिडकीतून फोटो काढला हे मला माहीतसुद्धा नव्हतं, मी खाली तुला गाडीपर्यंत सोडायला आले होते. फोटोच्या कडेला माझी कोपरं दिसतात.

हा फोटो माझ्या हातात आला, मी त्याकडे पाहिलं आणि विषय ठरवला. बॅग पाहिली. मुलगी पाहिली नाही. सूचीच्या दृष्टीने बॅगच ठळक होती.

तू तिच्या रेघेला इस्त्री केलीस, मी तिच्या भिंतीला. यावर आता दोघींनीही बोलायचं नाही.

मावशी


१८ मार्च

मावशी,

फोटो मिळाला.

आता कळलं. तिला येणारी मुलगी काढायची होती आणि तिच्याकडे येणाऱ्या मुलीचा एकही फोटो नव्हता. जाणारीचाच होता. त्यातून ती मला वळवत बसली असेल. वळली नाही, म्हणून लांब पाठवली.

संपादकबाईंना नाही म्हणून कळवलं आहे. त्यांनी हवं त्याच्याकडून काढून घ्यावं. तू काळजी घे. गुडघ्यांना शेक दे.

टिंबू


८ एप्रिल

टिंबूस,

संपादकबाईंनी मला पुन्हा फोन केला. एका तरुण मुलाने काढलेली दारातली मुलगी त्यांनी पाठवली आहे. तिचे दात दिसतात. एवढे दात घेऊन सगळं जग हिंडलेली मुलगी मी कधी पाहिली नाही. मी त्यांना सांगितलं की तुझा नकार रागाच्या भरातला आहे आणि आमच्या घरात रागाला उतार पडायला वेळ लागतो. महिनाभर थांबायला तयार आहेत.

आता नीट वाच. माझ्यावर विश्वास ठेवावा अशी माझी ख्याती आहे, म्हणून फार समजावत बसत नाही. सूचीत मी कधी खोटी नोंद केली नाही. पुस्तकात पेन्सिलीने रेघा ओढणाऱ्या एका प्राध्यापकांना मी वाचनालयाचं दार बंद केलं होतं, आणि ते मंत्र्यांचे जावई होते.

काल मी भिंग घेऊन तो मूळ कागद पाहिला. पाचवी चौकट. दार उघडं, मुलगी नाही, ते सगळं तसंच आहे. पण पुढे बाईचा जो हात आहे, त्यात नुसता दोरा नाही. दोऱ्याच्या टोकाला सुई आहे. दोरा ओवलेला आहे. आधीच्या चारही चौकटींत सुई नाही, मी तपासलं. झेरॉक्समध्ये ती उठली नसणार, मशीनचा काय भरवसा.

तुम्ही चित्रकार मंडळी रेघ कशी आहे ते बघता, काय काढलंय ते बघत नाही. सुई आणायला कोण गेलं होतं? मुलगी. सुई आईच्या हातात कशी आली? मुलीने आणून दिली. म्हणजे मुलगी आत आली आहे. ती आईच्या शेजारी बसली आहे, चौकटीच्या अलीकडे, जिथून आपण चित्र बघतो तिथे. म्हणून दार रिकामं आहे. तुझ्या आईने तुला लांब पाठवलं नाही. दारातून येताना कशी दिसशील ते तिला जमेना, म्हणून तिने तुला आत आणून बसवलं आणि मग चित्र काढलं. शाई फिकी आहे कारण हातात जोर नव्हता. जोर नसणं आणि आशा नसणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाकिटांत घालायच्या असतात.

मूळ कागद रजिस्टरने पाठवते आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. सोबत तिची निबांची डबी, टाक आणि बोर्डवर जुळवलेल्या फोटोंच्या प्रती. शाईची बाटली सांडेल म्हणून ठेवून घेतली, तळाशी थोडीशीच आहे.

या पत्रावर खाली डाग पडला आहे. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा केला.

मावशी


३० एप्रिल

मावशी,

पार्सल मिळालं त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं.

चित्र झालं आहे. संपादकबाईंकडे गेलंही. कसं केलं ते तुला सांगते, कारण हे आता तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. आधी पाचवी चौकट मोठी करून घेतली, काडेपेटीची खिडकीएवढी. मोठं केल्यावर आईची थरथर डोंगरासारखी दिसायला लागली. त्यावर पातळ कागद टाकून पेन्सिलीने प्रत्येक वळसा गिरवला, एकही न गाळता. मग तिचा टाक घेतला. मी कित्येक वर्षांत टाक धरला नव्हता. स्क्रीनवर चूक मागे घेता येते, इथे पडली ती पडली. तीन कागद वाया गेले, कारण माझा हात स्थिर होता. तो थरथरायला शिकवावा लागला. दाराच्या कडीसाठी, उंबऱ्यासाठी तू बोर्डवर जुळवलेले फोटो समोर ठेवले. आईच्या हाताचा एकही फोटो त्यांत नव्हता, ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. म्हणून आरसा ठेवून मी माझा हात पाहिला. तिचाच आहे, मावशी. करंगळी तशीच वाकते.

संपादकबाईंनी विचारलं, रेघ थोडी सारखी करता येईल का. मी नाही म्हटलं.

आता सुई.

सुई आहे. मला भिंगाशिवाय दिसली. त्या चौकटीत बाकी सगळं थरथरतं, दार, बोटं, दोरासुद्धा. सुईची रेघ तेवढी थरथरत नाही. पट्टीने मारावी तशी सरळ आहे, आणि पट्टीने मारलेली नाही. बाकी शाई काळी आहे. ही उजेडात धरली की निळी दिसते. आईच्या बाटलीत तळाशी काही मिसळलं असेल. झेरॉक्सच्या मशीनचा तर काय भरवसा.

मी तुला काहीही विचारत नाही. मी आत आले नव्हते, हे आपल्या दोघींना माहीत आहे, आणि तिलाही माहीत होतं. ती कोणत्या मनाने गेली ते आता कुठल्याच भोकाला जुळवून कळणार नाही. पण पाचांपैकी मला हीच चौकट काढायची होती, आणि ती काढायला मला त्या सुईची गरज होती. म्हणून चित्रात मी ती तशीच ठेवली. सगळं थरथरतं आणि सुई सरळ. वाकवली नाही.

पुस्तकावर चित्रकार म्हणून आईचं एकटीचं नाव जाईल. ते असंच असावं, पण तिघींनी काढलंय हे तुला कळवून ठेवते.

तुझी टिंबू


२१ जून

टिंबूस,

पुस्तकाच्या प्रती आल्या. कागद बरा आहे. बांधणी सैल आहे, दहा मुलांच्या हातांतून गेली की पानं सुटतील. आठव्या पानावरची चेटकीण मी आहे आणि तिला मिशी दिली आहे. या गोष्टीबद्दल मला तुझ्या आईशी बोलायचं होतं.

एक प्रत शिंपीकाकांना दिली. त्यांनी शेवटचं पान बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सुई चांगली काढली आहे, पण मुलगी कुठे गेली?" मी म्हटलं, आत बसली आहे, तुम्हाला दिसत नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. लोकांना किती सहज पटतं.

ते पान मी रोज उघडते. तुझ्या आईचा हात तिथे आहे. मी त्या हातात शेवटी औषधाचा चमचा देत असे आणि सांडलं की ओरडत असे. तो थरथरतो म्हणून मला राग यायचा. तो तसाच कागदावर राहिला हे तू केलंस. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, कारण म्हणायला गेले की ते नीट लिहिलं जात नाही आणि मग डाग पडतात.

तिची खोली मी पुन्हा बिघडवली आहे. कोंबड्या, खुर्ची, कडी, सगळं बोर्डवर आहे. कप परत टेबलावर ठेवले, पण ते ओळीतच उभे राहतात. मला पसारा येत नाही. मधे ती चार रुंद भोकं रिकामी आहेत. बॅगेचा फोटो तुझ्याकडे आहे, तो परत पाठवू नकोस. तो तिथे पुष्कळ दिवस राहिला.

तुझ्या आईचा कॅमेरा कसा चालतो ते मी शिंपीकाकांच्या सुनेकडून शिकून घेतलं आहे. आतापर्यंत पडद्यांचे आणि माझ्या अंगठ्याचे बरेच फोटो आले आहेत. तू येशील तेव्हा मला आधी कळव, म्हणजे मी खिडकीत उभी राहीन. रस्त्याच्या वळणावरून चालत ये. मान खाली घालू नकोस, फोनकडे बघू नकोस, वर खिडकीकडे बघ. पहिल्यांदा बिघडला तर तुला परत वळणापर्यंत जाऊन यावं लागेल, आणि मी "पुन्हा ये" म्हणेन तेव्हा कुरकुर करायची नाही.

जिला तो फोटो हवा होता ती आता नाही. तरी तो मी त्याच चार भोकांत लावणार आहे.

ती करडी बॅग अजून असेल तर तीच आण. उजव्या हातात धर. जाताना तशीच होती.

मावशी